सांगणार तानीबाई, लिहिणार राजाबाई

मु. पो. कोगनोळी
दि. ११ फेब्रुवारी १९८०

जयाबाईस,

कोगनोळीहून आज्जीचा तुझ्या दोन्ही गालांवरनं हात. सांगणार मी, लिहिणार राजाबाई. तवा अक्षर बरं दिसलं तर तिचं, आणि बोलणं वाकडं वाटलं तर माझं. सातवी शिकलेली बाई शेजारी असताना मी पोस्टातल्या मारुतीरावाच्या दारात कशाला बसू? त्यो एका कार्डाला दोन कप चहा पितो आणि वर माझंच बोलणं मला सुधारून सांगतो.

तुझी नर्सची नोकरी कशी चाललीया? आमची जया बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात सुया टोचती असं मी गावात सांगितलं, तवापासनं गुणाबाई रोज येऊन मला तिचा सुजलेला पाय दाखवती. म्हटलं, बाई, सुई नातीकडं हाय, माझ्याकडं नुसती जीभ.

तंबाखू काढून झाली. राजाबाई माझ्याच सोप्यात बसून विड्या वळती. ती आणि तिची लेक दिवसभर हितंच असत्यात, जेवायलाबी. येत्या वैशाखात भरमूला जाऊन चार वर्सं हुतील. आपल्या विहिरीचं काम चालू असताना सुरुंग उडाला आणि हिचा नवरा गेला. आपल्या परशरामाचा जिवाचा सोबती हुता त्यो. एवढं तर आपण करायलाच पायजे. हे सांगताना मी तिच्याकडं बघितलं न्हाय. ती लिहीत गेली.

आता मुद्द्याचं. तुझा भाऊ. दोन वर्सं हुत आली, कॅम्पातल्या बेकरीत पाव भाजतोय म्हणं. ना पत्र, ना पाऊल. सदलग्याची एक पोरगी सांगून आलीया. उंच हाय, कामाची हाय, बापाचा ऊस हाय. मी त्यांना सांगितलं, नवरदेवाला सवड न्हाय, त्यानं पाव भाजला न्हाय तर बेळगावातली पलटण उपाशी राहतीया. पर हे किती दिवस खपायचं? गाव त्याला 'काठावरचा परशा' म्हणतंय. ते नाव मीच एकदा चेष्टेत ठेवलं, आणि चेष्टा गावाला लई आवडली.

त्याला म्हणावं, एकदा येऊन पोरगी बघून जा. विहिरीकडं जाऊ नको पायजे तर.

तुझी आज्जी
तानीबाई


कॅम्प, बेळगाव
दि. २ मार्च १९८०

ती. आज्जीस जयाचा नमस्कार.

राजाबाई, हे पत्र तूच वाचून दाखवणार. पुढचं वाचताना तुला त्रास होईल, मला माहीत आहे. तरी वाच. घरात दुसरं वाचणारं कुणी नाही, आणि माझ्या भावाचं सगळं आयुष्य यात अडकलं आहे.

आज्जी, अण्णाचं लग्न राहू दे. अण्णा बरा नाही.

इथं कॅम्पात जवानांचा नेमबाजीचा सराव चालतो. आवाज लांबून येतात, आम्हाला ते आता ऐकूसुद्धा येत नाहीत. अण्णाला येतात. गेल्या आठवड्यात तो भट्टीतून पावांचा पत्रा बाहेर काढत होता. आवाज झाले. हातातला पत्रा टाकून तो टेबलाखाली शिरला आणि डोकं गुडघ्यांत घालून बोटांवर मोजायला लागला. पाचपर्यंत मोजतो, थांबतो. परत एकपासून. बेकरीचे मालक भले आहेत, त्यांनीच मला बोलावणं पाठवलं. म्हणाले, हे तिसऱ्यांदा झालं.

झोप नाही. डोळा लागला तर ओरडत उठतो. फटाक्याच्या दारूचा वास आला की ओकतो. दिवाळीचे चार दिवस खोलीला आतून कडी लावून बसला होता. विहिरीचं नाव निघालं की उठून जातो. आणि एरवी असा बसतो की समोर मी आहे की भिंत आहे, त्याला फरक नसावा. हसणारा अण्णा कुठं गेला, ते मला या दोन वर्षांत कळलेलं नाही.

आमच्या दवाखान्यात दर गुरुवारी धारवाडहून मनाचे डॉक्टर येतात. मी त्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, हे वेड नव्हे, भित्रेपणा नव्हे आणि कामचुकारपणा तर नव्हेच. लढाईवरून परतलेल्या जवानांत त्यांनी हे पाहिलं आहे. भयंकर काही डोळ्यांसमोर घडलं की काही माणसांच्या मनाला ते घडून गेलं हे कळतच नाही. आवाज झाला की अण्णाच्या लेखी विहीर आत्ता उडते, आज, इथं. परदेशातल्या डॉक्टरांनी या आजाराला अलीकडंच वेगळं नाव दिलं आहे म्हणे, लांबलचक आहे. पण बरं करता येतं. वेळ लागतो.

त्यांनी मला विचारलं, त्या दिवशी नेमकं काय झालं? मी तेव्हा इथं नर्सिंग शिकत होते. अण्णा तोंड उघडत नाही. गाव म्हणतं की त्यानं सुरुंगाचे बार मोजायला चूक केली, एक बार उडायचा राहिला होता आणि भरमूदादा खाली उतरला. मलाही एवढंच माहीत आहे. आज्जी, तू तिथं होतीस. तू सांग.

तुझी
जया


मु. पो. कोगनोळी
दि. २० मार्च १९८०

जयाबाईस,

तुझं पत्र राजाबाईनं दोन दमात वाचलं. मधी उठून पाणी पिऊन आली. पाणीच प्याली का नुसती माठापाशी उभी राहिली, ते मी बघायला गेले न्हाय.

मनाचा डॉक्टर म्हंजे काय गं? नळी कुठं लावतो? तुझ्या आजाचं मन बिघडलं की मी त्यांना खुरपं देऊन तंबाखूत पाठवत हुते. सांजच्याला मन जाग्यावर, आणि दोन सऱ्या निंदून निघालेल्या. तुझ्या डॉक्टराला म्हणावं, आमच्याकडं ये, तण लई हाय.

त्या दिवसाचं विचारलंस. मी लांब हुते. भाकरीची बुट्टी घेऊन बांधाच्या अलीकडं. आवाज झाले, धूर झाला. म्हाताऱ्या माणसाला काय दिसतंय? एवढंच. राजाबाई, म्होरं लिही.

आता माझं औषध ऐक. विहिरीत पोरांना पवायला कसं शिकवतो? पाठीला वाळका भोपळा बांधतो आणि देतो ढकलून. पोरगं ओरडतंय, नाकातोंडात पाणी घेतंय, आणि चौथ्या दिवशी त्याला बाहेर काढायला काठी घ्यावी लागती. परशालाबी तेच पायजे. दोन वर्सांखाली मी केलतंच की. वैशाखात विहिरीची पूजा हुती, त्याला हाताला धरून काठावर उभा केला. म्हटलं, बघ खाली, नुसतं पाणी हाय. त्यो थरथरायला लागला, सदरा घामानं भिजला, दात वाजायला लागले. मी म्हटलं, "काय रं, अंगात आलं काय? कुठली देवी हाय ती विचारा की कुणीतरी!" बाया पोट धरून हसल्या. तिसऱ्या दिवशी त्यानं बेळगावची गाडी धरली. चार दिवस थांबला असता तर भीती मोडली असती. माझंच चुकलं, लवकर सोडला.

त्याला घेऊन ये. सदलग्याची माणसं थांबायला तयार हायत.

तानीबाई


कॅम्प, बेळगाव
दि. १५ एप्रिल १९८०

आज्जी,

तुझं औषध मी डॉक्टरांना सांगितलं. मला वाटलं होतं ते हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "पोहायला न येणारं पोर पाण्याला भितं, ते वेगळं. हा बुडून वर आलेला आहे. त्याला ढकलायचं नसतं. त्याला झेपेल तेवढंच, त्याच्या मर्जीनं, कुणीतरी सोबत राहून जवळ न्यायचं असतं. तुमच्या आजींनी त्याला काठावर उभं केलं तेव्हा तो पुन्हा एकदा बुडाला."

अण्णा एका गुरुवारी आला. किती मिनतवाऱ्या केल्या तेव्हा आला. अर्धा तास खाली बघत बसला. डॉक्टरांनी जबरदस्ती केली नाही, बोलावंसं वाटेल तेव्हा बोला म्हणाले आणि झोपेसाठी गोळ्या दिल्या. उठताना अण्णा एवढंच बोलला, "माझीच चूक. मोजायला चुकलो." आणि बाहेर आल्यावर मला म्हणाला, "आज्जीला ह्यातलं काही विचारू नकोस."

त्याला तुझ्या हसण्याची भीती वाटते, आज्जी. दुसरं काय कारण असणार? मी तुला असं कधी लिहिलं नाही, आज लिहिते. चेष्टा पुरे कर.

गेल्या आठवड्यात तो कुणाला न सांगता निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला. कुठं गेला होता? कोगनोळीच्या नाक्यापर्यंत. तपासणीला थांबलेल्या ट्रकांच्या सावलीत सकाळपासून बसून होता. तिथून आपल्या शेतातली चिंच दिसते म्हणाला. पुढं पाय उचलेना. उलट गाडीनं परतला.

तेव्हापासून जेवत नाही. बेकरीत जात नाही. एकदा म्हणाला, "मी नसतो तर सगळ्यांचं बरं झालं असतं." मी हे डॉक्टरांना सांगितल्यावर ते गंभीर झाले. एक मिनिट त्याला एकटं ठेवू नका म्हणाले. मी त्याला माझ्या खोलीवर आणलं आहे. माझी ड्यूटी असते तेव्हा बेकरीच्या मालकांची आई त्याच्यापाशी येऊन बसते. परकी बाई आहे, आज्जी. ती बसते.

जया


निपाणी, पोस्टासमोर
दि. ३ मे १९८०

चि. जयाबाई हिस अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष. इकडील मंडळी क्षेम असून तिकडील क्षेम कळवीत जावे. उन्हाळा फार आहे. वळीव दोनदा हुलकावणी देऊन गेला. चि. परशराम याच्या प्रकृतीविषयी समजले, मनास फार वाईट वाटले. ईश्वर सर्वांचे बरे करो. पत्रास कारण की, त्या दिवशी

ता. क. सदर पत्र सांगणाऱ्या वृद्ध बाई 'त्या दिवशी' इतके बोलून थांबल्या. मी पुढील मजकूर तीन वेळा विचारला. त्यांनी मलाच विचारले, तुम्ही कोण गावचे, आमच्या राजाबाईला ओळखता काय. नाही म्हटल्यावर "मग तुम्हाला सांगून काय उपयोग" असे म्हणून उठून गेल्या. चपला विसरल्या होत्या, त्या मागे धावत जाऊन दिल्या. पत्ता अगोदरच लिहून झाला असल्याने पत्र आहे तसे टाकीत आहे.
— शामू पत्रलेखक


कॅम्प, बेळगाव
दि. १२ मे १९८०

आज्जी,

हे कसलं पत्र? निपाणीला एकटी कशाला गेलीस, या उन्हात?

मी ड्यूटीवर असताना ते अण्णाच्या हाती पडलं. मी परत आले तर 'त्या दिवशी' या शब्दांवर बोट ठेवून बसला होता. मला म्हणाला, "पुढचं कुठाय?" कागद उलटा करून पाहिला, पाकीट फाडून आत पाहिलं. मग रडला. चार वर्षांत मी त्याला रडताना पहिल्यांदा पाहिलं.

आता रोज टपालाच्या वेळेला दारात येऊन उभा राहतो. गुरुवारी चल म्हटलं तर म्हणतो, "आज्जीचं पत्र येऊ दे, मग बघू." तुमच्या दोघांत काय आहे ते मला माहीत नाही. मी चुकीचं काहीतरी समजत होते, एवढं कळलं. तो थांबला आहे, आज्जी. फार दिवस थांबता येईल असं मला त्याच्याकडं बघून वाटत नाही.

जया


मु. पो. कोगनोळी
दि. १९ मे १९८०

परशराम,

ह्यो कागद तुला. लिहिणार राजाबाईच. तिला मी सांगितलंय, आज मी जे बोलीन ते लिहायचं, मधी विचारायचं न्हाय. सगळं झाल्यावर तुला काय बोलायचं ते बोल. तिनं विड्यांचं सूप बाजूला ठेवलं, हात धुतले आणि बसलीया.

दुसरा लिहिणारा मला मिळाला असता. मारुतीराव हुताच. पर त्याला सांगितलं असतं तर ते गावाला कळलं असतं, आणि गावाकडनं हिला. म्हणून निपाणीला गेले. तितं त्या माणसानं दौतीत टाक बुडवला आणि माझ्याकडं बघितलं, तवा कळलं. जिला सांगायचं ती माझ्या सोप्यात बसलीया आणि मी परमुलखातल्या माणसापुढं तोंड उघडायला आलीया.

त्या दिवशी मी बांधाच्या अलीकडं नव्हते. जयाला मी खोटं कळवलं. मी तुझ्याशेजारी हुते.

आदल्या दिवशी विहिरीच्या तळाला ओल दिसली हुती. मी गावभर सांगून बसले, उद्या आमच्या विहिरीला पाणी. पाच बायकांना खणानारळानं ओटी भरायला घेऊन आले. भरमूनं खाली सहा बार भरले, वाती पेटवल्या आणि तू काठावरच्या यारीवर दोर गुंडाळून त्याला वर घेतलंस. आपण सगळी बांधामागं बसलो. बार उडाले.

तू म्हणालास, "पाचच झालं. एक राहिलाय. आज कुणी उतरायचं न्हाय."

भरमूबी म्हणाला, व्हय, सकाळी बघू. ते तसंच असतंय, एक बार जरी कमी वाटला तरी त्या दिवशी विहिरीत कुणी उतरत न्हाय, हे मला ठावं हुतं. माझा जन्म गेलाय ह्यात.

मी म्हटलं, सहा झाले. दोन एकदम उडाले. तू म्हणालास, "न्हाय आज्जी, पाचच." तवा मी त्या बायकांकडं बघून म्हटलं, "नातू मॅट्रिक झालाय, पर पाचाच्या म्होरं येत न्हाय त्याला. मला अक्षर न्हाय, तरी सहा कळत्यात." सगळी हसली. भरमू सगळ्यात मोठ्यांदा हसला. म्हणाला, "आज्जीनं मोजलंय म्हंजे झालंच की," आणि दोराला लोंबकळला. हसत हसतच खाली गेला. तू यारीवर हुतास, दोर सोडत गेलास. माझ्याकडं एकदा बघितलंस. चारचौघांत म्हातारीचा मान ठेवलास.

राजाबाई थांबलीया. लिही बाई.

लिहितीया.

मी सहा मोजले नव्हते, परशा. दोन एकदम उडाले असंबी मला वाटलं नव्हतं. मी मोजलंच नव्हतं. मी बायकांच्या लुगड्यांकडं आणि नारळांकडं बघत हुते.

मग पंच आले, पोलीस आले. बार कुणी मोजले, म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "मी मोजले. मी चुकलो." आणि मी तोंड मिटलं. एक घटका मिटलं, मग एक दिवस, मग ते उघडायचं कसं हेच कळंना. उघडलं ते तुझी चेष्टा करायला. लोक तुला हसत हुते तवर माझ्याकडं कुणी बघत नव्हतं.

तू पाच मोजून थांबतोस असं जयानं कळवलं. ते राजाबाईनं वाचून दाखवलं तवा हितं ह्या भिंतीला टेकून मी बसले हुते, आणि मला सगळं कळलं, आणि मी तुझ्या डॉक्टराला तण काढायला बोलावलं.

पाचच झालते. तू बरोबर हुतास. भरमूला मी उतरवलं.

आता गुरुवारी डॉक्टराकडं जा. माझ्यापायी काय राखून ठेवू नको.

तानीबाई

परशरामभाऊ, वरचं सगळं मी लिहून घेतलं. एक शब्द गाळला नाही, एक पदरचा घातला नाही. चार वर्षं पत्रात तुमचं नाव आलं की मी मनात शिवी देऊन ते लिहीत होते. ते तुम्हाला कळावं असं वाटलं म्हणून लिहिते. डॉक्टरकडं जावा. आज्जींची पत्रं मी यापुढं लिहिणार नाही.
राजाबाई


कॅम्प, बेळगाव
दि. २७ जुलै १९८०

आज्जी,

पत्र मिळालं. उत्तराला दोन महिने लागले.

गुरुवारी जातो. एकही चुकवलेला नाही. सगळं एकदम सांगितलं नाही, जमलं नाही. एका गुरुवारी नुसतं यारीचं सांगितलं, एका गुरुवारी बांधामागं कोण कुठं बसलं होतं ते. डॉक्टर ऐकतात. घाई करत नाहीत. आता तीन-चार तास सलग झोप लागते. बेकरीत परत जातो. आवाज झाले की छाती अजून धडधडते, पण टेबलाखाली जात नाही. भट्टीच्या कट्ट्याला हात टेकून उभा राहतो आणि स्वतःला सांगतो की पायाखाली फरशी आहे, हा मैद्याचा वास आहे, हे बेळगाव आहे. डॉक्टरांनी शिकवलं. काही दिवस जमतं, काही दिवस नाही जमत.

मी तुझं नाव घेतलं नाही, ते तुला वाचवायला, असं आता लोक म्हणतील. अर्धंच खरं आहे. मला पाच माहीत होते. माहीत असताना मी दोर सोडला. पाच बायका हसल्या म्हणून सोडला. ते तू लिहून दिलंस तरी माझ्याकडून जात नाही. डॉक्टर म्हणतात, त्यात तुमचं किती आणि नाही किती ते आपण दोघं मिळून बघू, एकट्यानं बघत बसू नका.

तुझ्यावर राग आहे का, ते अजून कळत नाही. कळलं की लिहीन. घरी येणं मात्र जमणार नाही. सदलग्याच्या लोकांना नाही म्हणून कळव, त्या मुलीला उगीच अडकवून ठेवू नको.

राजाबाईचं मी वाचलं. तिला काय लिहावं सुचत नाही.

डॉक्टर एकदा मध्येच विचारत होते, तुमची आजी झोपते का?

परशराम


मु. पो. कोगनोळी
दि. १८ ऑगस्ट १९८०

परशराम,

हे मारुतीराव लिहितोय. त्याला ताकीद दिलीया, माझं बोलणं सुधारायचं न्हाय आणि चहा एकदाच.

तुझं पत्र येऊन अठरा दिवस झाले. मारुतीरावानं दोनदा विचारलं, वाचून दाखवू का? न्हाय म्हटलं. राजाबाईनं सूप तिच्या घरात नेलंय. लेकीला अडवत न्हाय. पोरगी येती, खेळती, आईनं हाक मारली की जाती. मी रोज तुझं पाकीट राजाबाई बसायची तिथं ठेवत हुते आणि सांजच्याला उचलत हुते. काल ती आली. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. पाकीट फोडलं, उभ्यानं वाचून दाखवलं. 'मी दोर सोडला' तिथं थांबली, तेवढं परत वाचलं. संपल्यावर घडी घालून जाग्यावर ठेवलं आणि निघाली. मी म्हटलं, राजा, चहा तरी घे. ऐकलं असंल तिनं.

गावाला मी सांगितलं. पाणी भरताना, सगळ्या बायका असताना. त्या पहिल्यांदा हसायलाच लागल्या, आज्जीनं नवं काहीतरी काढलं म्हणून. जन्मभर हसवलं की हे असं हुतंय बग, खरं सांगायला बसलं तरी लोक हसायची जागा शोधत्यात. तीनदा सांगावं लागलं. मग कुणी हसलं न्हाय. घागरी घेऊन एकेक निघून गेल्या.

सदलग्याला आजच निरोप धाडलाय. राग हाय का न्हाय ते कळलं की लिही. असला तर जास्त लिही. वाचून घ्यायची काय तरी सोय करीन.

डॉक्टरानं विचारलं, आजी झोपते का. चार वर्सांत मला हे कुणी विचारलं न्हाय, आणि कुणी विचारंल अशी जागा मी ठेवलीच न्हाय. मारुतीरावाला सांगणार हुते, लिही, झोपते, घोरते, शेजारी तक्रार करत्यात. मग म्हटलं, आता कशाला. न्हाय झोपत. देवळात नारळ फुटला तरी दचकून खाली बसते, आणि लोकांना सांगते, गुडघा धरला. चार वर्सं घरात नारळ फोडला न्हाय. देवापुढं सुपारी ठेवते आणि म्हणते, नारळ महाग झालाय. भरमूचं हसणं ऐकू येतं. ते कुठनं येतंय ते बघायला उठते.

हा आजार म्हाताऱ्या बायकांना हुतो का न्हाय, मला ठावं न्हाय. ज्याच्या हातनं घडलं त्यालाबी हुतो का, का ती नुसती शिक्षा असती, तेबी विचारायचं हाय. मारुतीराव म्हणतोय, शिक्षा न्हाय ओ तानाक्का. त्याला काय कळतंय.

येत्या गुरुवारी पहिल्या गाडीनं निघते. तुला भेटायला येत न्हाय, डॉक्टराला भेटायला येते. तू बाहेर बाकड्यावर बस, न्हायतर बसू नको, मला चालंल. जयाला म्हणावं, एक केसपेपर माझ्या नावाचाबी काढून ठेव.

तानीबाई